शंभर रुपयांची बारा वर्षं

साल १८६३. मृग लागायला आठवडा उरला आहे. कऱ्हेच्या खोऱ्यातून सुप्याकडे निघालेले तुम्ही एक कुणबी आहात. खांद्यावर घोंगडी आहे आणि डोक्यात एकच घोर: जोडीतला एक बैल गेला आहे, आणि उरलेला एकटा काही नांगर ओढणार नाही.

शहाजीराजांच्या जहागिरीत ‘पुणे-सुपे’ असं जोडीनं घेतलं जाणारं नाव, त्यातलंच हे सुपे. आता ते भीमथडी तालुक्यातलं मोठं बाजारगाव आहे. पेठेत गुजराती आणि मारवाडी दुकानदारांची घरं आहेत. त्यांच्या दुकानात मीठ, कापड, बियाणं मिळतं आणि पैसाही मिळतो.

आत शिरण्याआधी पुढचं सगळं विसरा. तुम्हाला १८७५ माहीत नाही. ठाऊक आहे ते इतकंच, की यंदा दिवस बरे आहेत.

आणि ते खरंच बरे आहेत. बोरघाटातून रेल्वे नुकतीच सुरू झाली आहे. रुळांच्या आणि पुलांच्या कामांनी कित्येक वर्षं हातांना मजुरी दिली. त्याहून मोठी गोष्ट समुद्रापलीकडे घडते आहे, जिचं नावही तुमच्या कानावर आलेलं नाही. अमेरिकेत यादवी पेटली आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथून वर्षाला २० लाखांहून अधिक कापसाच्या गाठी मिळत होत्या. १८६२ साली जेमतेम ५५ हजार पोचल्या. मँचेस्टरची नजर हिंदुस्थानाकडे वळली आहे. मुंबईचे व्यापारी मोठ्या गावांतल्या सावकारांना पैसा पुरवतात, ते लहान गावांतल्या सावकारांना, आणि तिथून तो तुमच्यापर्यंत येतो. कापूस पिकवणाऱ्याला एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळते आहे. तुमच्या रानात ज्वारी-बाजरीच जास्त, पण धान्याचा भावही चढला आहे आणि गाडीभाडंही.

“या पाटील, बसा,” शेटजी म्हणतात. तुम्ही पाटील नाही, तरी ऐकायला बरं वाटतं.

तुम्ही शंभर रुपये मागता: बैलाला, बियाण्याला, आणि थोरलीच्या लग्नातलं थोडं देणं राहिलं आहे त्याला. शेटजी दोन प्रश्नही विचारत नाहीत. स्टँपाच्या कागदावर रोखा लिहिला जातो. व्याज दरमहा शेकडा दोन. तुम्हाला वाचता येत नाही. सहीच्या जागी तुम्ही नांगर काढता: एक आडवी रेघ, एक तिरपी. दोन साक्षीदार होतात. पैसे कनवटीला लावून तुम्ही बाहेर पडता.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: तुम्ही काही चूक केलीत का? बैल घेतला नसता तर पेरणी बुडाली असती, आणि पेरणी बुडाली तरी सरकारचा सारा चुकला नसता. भाव चढता होता, पैसा सहज मिळत होता. तुमच्या जागी गावातल्या कोणत्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं आणि केलंही.

साल १८६६. तुम्ही पुन्हा त्याच दुकानाच्या ओट्यावर आहात. एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली, अमेरिकेतला कापूस परत बाजारात आला आणि इकडचा भाव कोसळला. मुंबईत शेअरबाजार बुडाला. ज्या साखळीनं पैसा खाली आला होता, त्याच साखळीनं मागणी खाली येते आहे. मुंबईनं पेठेचा हात आखडला, पेठ तुमचा आखडते आहे.

शेटजींना आज घाई आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं आहे. तीन वर्षांत दावा लावला नाही तर रोखा मेला. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं, यानं व्याज साचत राहणार नाही, रयत वाचेल. ओट्यावर मात्र त्याचा अर्थ वेगळा निघतो: दर तीन वर्षांनी नवा रोखा.

मधल्या काळात तुम्ही धान्य घातलं आहे, पण तेवढीच नवी उचलही केली आहे. कधी बियाणं, कधी मीठ-तेल, कधी भादव्यात घरात दाणा नव्हता म्हणून ज्वारी. घातलेलं धान्य सुगीच्या पडेल भावानं मांडलं गेलं आणि नेलेलं धान्य भादव्याच्या चढ्या भावानं. पावती कशाचीच नाही. नवी उचल घातलेल्या धान्यात फिटली असं धरा. शंभरावरचं तीन वर्षांचं व्याज ७२ तेवढं उरलं. जुना रोखा फाटतो आणि नवा लिहिला जातो, १७२ रुपयांचा. तुम्ही नांगर काढता.

इथे थोडं थांबा, कारण सगळं या क्षणात आहे. तुमच्या आज्याच्या काळापासून एक मर्यादा चालत आली होती: दामदुपट. व्याज कितीही साचो, मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही. शंभरावर फार तर शंभर. ही मर्यादा कोणी मोडलेली नाही, ती आजही लागू आहे. पण नव्या रोख्यावर ७२ रुपयांचं व्याज हे व्याज राहिलंच नाही, ते मुद्दल झालं. आता मर्यादा मोजायची ती १७२ पासून. दर तीन वर्षांनी भिंत चार पावलं मागे सरकेल, आणि तुम्ही तिच्याजवळ कधीच पोचणार नाही.

मघाशी शंभर रुपये घेताना तुम्ही विचार केला होता. आज तुम्ही विचार करत नाही. आजचा दिवस टळला, एवढंच तुम्हाला वाटतं. त्या ओट्यावर कर्ज घेण्याचा निर्णय एकदाच झाला. पुढच्या प्रत्येक वेळी निर्णय झाला तो फक्त वेळ मागून घेण्याचा.

साल १८६९. शेजारच्या इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत संपली आणि नवी आकारणी लागली. सारा एकदम वाढला. तीच मोजणी तुमच्याकडेही येणार अशी कुणकुण आहे, आणि काही वर्षांत ती येईलही. रयतवारीत सारा तुमच्या नावावर आहे, रोख आहे आणि ठरल्या तारखेला आहे. पाऊस चुकला तरी तारीख चुकत नाही. पीक खळ्यावर असतानाच हप्ता भरायचा, म्हणजे पडेल भावानं विकायचं, नाहीतर शेटजींकडे जायचं. रेल्वेनं पूर्वी मजुरी दिली होती. आता तीच रेल्वे माल ओढते आणि गाडीवानीचा जोडधंदा सुटत चालला आहे.

घरात कोणी उधळपट्टी केलेली नाही. तरी हिशेब वाढतो आहे. रोखा २९६ रुपयांचा होतो. तुम्ही नांगर काढता.

साल १८७२. या खेपेला तुम्ही ओट्यावर गेला नाही, म्हणून समन्स आलं. कोर्ट लांब आहे. जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, वकील परवडत नाही, आणि रोख्यावर नांगर तुमचाच आहे. काय सांगणार तिथे? अशा दाव्यांत बहुतेक रयत हजरच होत नाही. हुकूमनामा एकतर्फी होतो. तो हाती आला की घर, गुरं, जमीन जप्त करता येते आणि ऋणकोला दिवाणी तुरुंगातही टाकता येतं.

शेटजी तुम्हाला तुरुंगात टाकत नाहीत. त्यांना तुमचा तुरुंग नको आहे, तुमची सही हवी आहे. हुकूमनामा पेटीत ठेवून ते नवा कागद पुढे करतात: ५०९ रुपये, आणि जमीन गहाण. आज त्यांनी “बसा” म्हटलेलं नाही. तुम्ही उभ्याउभ्याच नांगर काढता.

तुम्ही घेतले होते शंभर. नऊ वर्षांत एकदाही दर वाढला नाही, शेकडा दोन तो शेकडा दोनच राहिला. आकडेमोड खोटी नाही. नेमकं म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलायला शब्द सापडत नाही, आणि माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. रात्री बायको विचारते, “किती झालं?” आणि तुम्ही उत्तर देत नाही. कर्जाची सगळ्यात मोठी हानी जमिनीची नसते. ती या न दिलेल्या उत्तरापासून सुरू होते.

साल १८७५, मे महिना. मागल्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यात एका सावकारानं दीडशे रुपयांच्या देण्यापायी एका जुन्या घरंदाज माणसाच्या घरावर हुकूमनामा आणला. गावानं सावकारांना वाळीत टाकलं. त्यांच्या दुकानातून कोणी मीठ घेईना, न्हावी येईना, पाणी भरायला कोणी मिळेना. बातमी गावोगाव गेली आहे. आणि त्या गप्पांत तुम्हाला पहिल्यांदा कळलं, की ५०९ चा रोखा तुमच्या एकट्याच्या नावावर नाही. प्रत्येक घरात तो आहे. प्रत्येकानं तो लपवला होता.

१२ मेला तुम्ही सुप्याच्या पेठेत आहात. आसपासच्या गावांचे लोक जमले आहेत. गर्दी दुकानांवर आणि घरांवर जाते, आणि एकच गोष्ट मागते: रोखे द्या, वह्या द्या. काही ठिकाणी लूट होते, आग लागते. माणसांवर हात फारसा पडत नाही. कागद निमूट बाहेर आले तिथे पुढे काही होत नाही. पेठेत वह्या जळतात. कागद जळताना तुमच्या डोळ्यांसमोर चार नांगर येतात.

हे लोण पुण्या-नगरच्या अनेक गावांत पसरतं. मग पोलीस येतात, फौज येते, शेकडो लोक पकडले जातात. जळालेल्या रोख्यानं कर्ज पुसलं जात नाही, आणि आग लावणं कोणत्याही हिशेबानं उत्तर नाही. ज्यांची घरं जळाली त्यांतही लहान दुकानदार होते, ज्यांच्या डोक्यावर वरच्या सावकाराचं देणं होतं. पण गर्दीतली माणसं पेठेत कशासाठी आली होती हे त्यांनी केलेल्या निवडीवरून दिसतं. त्यांना तिजोरीपेक्षा कागद हवा होता.

आता एक शेवटची उडी. सरकारनं दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. तोवर अनेक साहेबांच्या तोंडी एक ठरलेलं कारण होतं: कुणबी लग्नात उधळतो. आयोगानं खाती पाहिली आणि वेगळं नोंदवलं. लग्नकार्याच्या खर्चाला नको तितकं महत्त्व दिलं गेलं आहे. पोटाचं धान्य, बियाणं, बैल आणि सरकारचा सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी लहान रक्कम क्वचितच्या लग्नापेक्षा कर्ज अधिक फुगवते.

मग १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. त्यानं कोर्टाला रोख्याच्या मागे जायला सांगितलं. ५०९ वर थांबू नका, तो कुठून आला ते विचारा. मूळ किती घेतलं, किती दिलं, व्याजाचं मुद्दल किती वेळा झालं, हे सुरुवातीपासून उकला आणि मग देणं ठरवा. पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कायद्यानं सावकारी संपली नाही. काही सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तरी कर्जाचा इतिहास विचारण्याचा अधिकार ही त्या दशकानं आपल्याला दिलेली मोलाची गोष्ट आहे, आणि ती फक्त न्यायाधीशासाठी नाही.

कारण तुम्ही आता तुमच्या काळात आहात, आणि नव्या रोख्याला तीन वर्षं लागत नाहीत, तो दर महिन्याला येतो. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते. ती भरली की महिना टळतो, आणि उरलेल्यावर अनेक कार्डांना दरमहा तीन ते साडेतीन टक्के व्याज चढतं, शेटजींच्या दोन टक्क्यांहून जास्त. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर छापण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका ॲपचं देणं दुसऱ्या ॲपच्या कर्जानं फिटतं तेव्हाही १८६६ चाच कागद लिहिला जातो: जुन्याचं व्याज नव्याचं मुद्दल. डिजिटल कर्जाआधी सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारं तथ्यपत्रक मिळणं हा तुमचा हक्क आहे. ते मागा आणि वाचा, कारण तुम्हाला वाचता येतं, आणि त्या कुणब्याला येत नव्हतं.

आणि हे एवढं तरी करा. आज कागद घ्या आणि आपल्या कर्जाचा इतिहास लिहा. पहिली उचल किती, कशासाठी. त्यानंतर नवं किती घेतलं आणि नुसती वेळ किती वेळा विकत घेतली. मग तो कागद घरात कोणाला तरी दाखवा. आणि घरातल्या एखाद्यानं, मुलानं, भावानं, मेहुण्यानं, मान खाली घालून “कर्ज झालंय” असं सांगितलं, तर “एवढं उधळलंस कशावर?” हा प्रश्न त्या क्षणी गिळा. तो प्रश्न दख्खनच्या कुणब्यालाही साहेबांनी विचारला होता, आणि खाती उघडल्यावर तो चुकीचा ठरला. त्याला शेजारी बसवा आणि म्हणा, पहिल्या शंभर रुपयांपासून सांग.