आट्यांचा इतिहास

जुन्या मोटारीचा बोल्ट नुसताच फिरू लागला की आपण म्हणतो, "आटे गेले." कोणते आटे गेले, हे फारसे कोणी विचारीत नाही, इतिहास आहे तो तिथेच.

पूर्वी विलायतेत कारखान्यागणिक आटे वेगळे असत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवून एक प्रमाण मांडले : कोन ५५ अंश, माथा गोलसर. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचविला. तो पाडायला सोपा. युरोप मेट्रिककडे गेला. आपल्याकडे साहेबाबरोबर व्हिटवर्थ आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन नट-बोल्ट जुळेनात, तेव्हा १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा एकच इंची आटा मान्य केला.

मॉरिसची तर वेगळीच तऱ्हा. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. १९२३ मध्ये तो मॉरिस यांच्याकडे आला. यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी, म्हणून तिथल्या इंजिनांच्या बोल्टांना आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थचे, विलायती पाना बसावा म्हणून!

ओळखायचे कसे? व्हर्नियरने व्यास मोजावा, पिच गेज आट्यांत बसवून उजेडासमोर धरावा. फट दिसली तर माप ते नव्हे. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे, अमेरिकन जाड मापाचे १३. ५/१६ इंच आणि ८ मिलिमीटर यांच्या व्यासात फरक सुमारे ०.०६ मिलिमीटरचा, नट एखाद-दोन फेरे जातो आणि अडतो. नवशिका नेमका तिथेच जोर लावतो.

आपल्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ सालीच मजुरीच्या दरावरून संप झाला. अशा गावात यंत्राबरोबर फिटरचीही हकिकत सांगितली पाहिजे. एका कारखान्यात असाच आटा गेला आणि फिटरच्या पगारातून भरपाई कापण्याचा हुकूम निघाला. आम्ही नट, बोल्ट आणि गेज साहेबांच्या टेबलावर ठेवले. भांडारातून नटच दुसऱ्या जातीचा आला होता. कपात रद्द झाली.

आटे नुसते चेपले असतील तर योग्य टॅप किंवा डाय तेल लावून हलक्या हाताने फिरवावी. ॲल्युमिनियममधले पार गेले असतील तर भोक वाढवून, खास टॅपने आटे पाडून त्यात तारेचे वेटोळे बसवितात. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा चालतो. मोठा बोल्ट घालणे स्वस्त पडते, पण पुढचा फिटर फसतो. नाइलाजच असेल तर निदान गाडीच्या वहीत ते माप लिहून ठेवावे.