एक एकर शेती (धाराशिव जिल्हा)

एक एकर शेती, अर्थात एक एकर मॉडेल, ही महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील महिला शेतकऱ्यांमध्ये रुजलेली सेंद्रिय मिश्रपीक शेतीची पद्धत आहे. कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा घरातील स्त्रीच्या निर्णयाखाली घेऊन त्यावर प्रथम घरच्या आहारासाठी धान्य, कडधान्ये व भाजीपाला पिकवणे आणि उरलेला माल विकणे, हे तिचे सूत्र आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने ही पद्धत जिल्ह्यात आणि मराठवाड्याच्या इतर भागांत पसरली.

पार्श्वभूमी
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर जिल्ह्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व परिसरातील गावांची मोठी हानी झाली. पुनर्वसनाच्या काळात घरबांधणी व दुरुस्तीच्या कामात गावातील स्त्रियांना सहभागी करून घेण्यात आले. या अनुभवातून महिला बचत गटांचे जाळे उभे राहिले. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाची १९९८ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली.

जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. सोयाबीन आणि ऊस या नगदी पिकांचे क्षेत्र वाढले तशी ज्वारी, बाजरी व कडधान्यांची जागा कमी झाली. नगदी पीक बुडाले की कुटुंबाचे उत्पन्न आणि ताट दोन्ही एकाच वेळी रिकामे होऊ लागले. २०१२-१३ आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ या वर्षांत मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. याच दशकात एक एकर शेतीचा प्रसार झाला.

स्वरूप
एक एकर म्हणजे ४० गुंठे. एवढ्या क्षेत्रात एकच पीक न घेता कमी-अधिक मुदतीची अनेक पिके ओळीने किंवा पट्ट्यांत घेतली जातात. खरिपात तूर, मूग, उडीद, मटकी व बाजरी, तर रब्बीत ज्वारी, हरभरा, जवस व करडई ही प्रमुख पिके असतात. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर या पालेभाज्या काही आठवड्यांत हाती येतात. भेंडी, गवार, वांगी व दोडका त्यानंतर. तूर सर्वांत शेवटी. त्यामुळे पावसाने मध्येच ताण दिला तरी सर्व पिके एकदम जात नाहीत. बांधावर शेवगा, कढीपत्ता किंवा लिंबू लावतात. भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया बटईने जमीन घेतात किंवा घराजवळच्या परसबागेत भाजीपाला करतात.

निरनिराळी पिके एकत्र घेण्याची रीत या भागाला नवी नाही. लातूर, धाराशिव व सोलापूर भागांत मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येची (येळवस) भज्जी ही अनेक शेंगा, कडधान्ये व पालेभाज्या एकत्र शिजवून केली जाते.

निविष्ठा व पाणी
खत व कीडनाशके शक्यतो घरीच तयार केली जातात. जीवामृतासाठी २०० लिटर पाण्यात सुमारे १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून मिश्रण काही दिवस आंबवतात. कीड नियंत्रणासाठी दशपर्णी अर्क व ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात. गांडूळखत, शेळीपालन, परसातील कोंबड्या आणि जनावरांसाठी ॲझोला ही पूरक कामे आहेत. बियाणे पुढील हंगामासाठी राखून गटांत वाटले जाते. पाण्याच्या बचतीसाठी ठिबक, तुषार सिंचन, शेततळे व आच्छादन यांचा वापर होतो.

जमीन व निर्णयाचा अधिकार
शेतीतील खुरपणी, वेचणी, काढणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात, तरी सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. एक एकर शेतीत मात्र मालकीच्या आधी निर्णयाचा प्रश्न येतो: काय पेरायचे, काय घरी ठेवायचे आणि विक्रीचा पैसा कोणी हाताळायचा, हे स्त्री ठरवते. तुकडा मिळवण्यासाठी तिला घरातच बोलणी करावी लागतात.

मर्यादा
सुरुवातीला स्त्रीला मिळणारा तुकडा अनेकदा हलका, मुरमाड किंवा पडीक असतो. सातबाऱ्यावर नाव नसल्याने पीककर्ज, पीकविमा व अनुदान तिच्या नावे मिळणे कठीण जाते. घरकाम सांभाळून निविष्ठा तयार करण्याचे श्रमही तिच्यावरच पडतात. बचत गटातील सावड हा त्यावरील एक उपाय आहे. सलग दुष्काळात विहिरी आटल्यास भाजीपाला टिकवणे अवघड होते.

मान्यता
स्वयं शिक्षण प्रयोगाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमा गोपालन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

हे सुद्धा पहा
परसबाग
महिला बचत गट
किल्लारी भूकंप
वेळ अमावास्या