जुने अतिथिगृह (मिनास तिरिथ)
जुने अतिथिगृह ही जे.आर.आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतील काल्पनिक वास्तू आहे. 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९५५) या तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात तिचे वर्णन येते. गोंडोरची राजधानी मिनास तिरिथ सात स्तरांत वसलेली आहे. त्यांपैकी सर्वांत खालच्या स्तरात, महाद्वाराकडे जाणाऱ्या 'राथ केलेरदाइन' म्हणजे दिवे घडवणाऱ्यांच्या रस्त्यावर ही इमारत आहे. करड्या, जीर्ण दगडांच्या या इमारतीच्या दोन बाजूंमध्ये हिरवळीचा अरुंद पट्टा असून त्यामागे अनेक खिडक्यांचे घर व खांबांचा ओटा आहे.

मॉर्डोरच्या स्वारीपूर्वी स्त्रिया, मुले व वृद्ध यांना शहराबाहेर हलविण्यात आले. काही मुलगे मात्र जाण्यास राजी झाले नाहीत. पडेल ते काम करत ते मागे राहिले व येथे वास्तव्यास आले. रूढ अर्थाने ते निर्वासित नव्हेत. निर्वासित होण्यास नकार देणाऱ्यांचा हा निवारा होय. पिपिनला शहरात मुले दिसतात ती केवळ येथेच. त्यांपैकी दहा वर्षांचा बर्गिल हा पहारेकरी बेरेगोंडचा मुलगा. मोठ्या माणसाशिवाय महाद्वार ओलांडण्यास मुलांना मनाई असल्याने तो पिपिनसोबत बाहेर पडून मदतीस आलेल्या सैन्याचे आगमन पाहतो.

वेढ्यात हाच स्तर आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. बर्गिल पुढे सहाव्या स्तरातील उपचारगृहात दिसतो. जखमींसाठी अथेलास वनस्पतीची सहा पाने तोच आणून देतो.