मानवतावादी हस्तक्षेप

परराज्यातील शासनाकडून प्रजेवर होणारे सामूहिक अत्याचार थांबविण्यासाठी त्या शासनाच्या संमतीवाचून केलेली सशस्त्र कारवाई. परोपकार हा तिचा हेतू मानला जातो. परंतु १९७० नंतरच्या दशकात ज्या कारवायांमुळे कत्तली प्रत्यक्ष थांबल्या, त्यांत कारवाई करणाऱ्या राज्याचे हितसंबंधही गुंतलेले होते.

पाकिस्तानी लष्कराने २५ मार्च १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानात दडपशाही सुरू केल्यावर भारतात सु. १ कोटी निर्वासित आले. त्रिपुरात तर त्यांची संख्या तेथील लोकसंख्येच्या जवळपास पोहोचली. त्यांच्या पोषणाचा भार भारताला फार काळ पेलणारा नव्हता. शिवाय पाकिस्तान दुभंगण्यात भारताचा उघड लाभ होता. करुणा आणि स्वार्थ येथे एकाच दिशेने गेले. तथापि मुक्तिवाहिनीला साहाय्य, रशियाशी मैत्रीचा करार (९ ऑगस्ट) व लष्करी सिद्धता यांत आठ महिने गेले आणि तोवर हत्या चालूच राहिल्या. परोपकार हाच एकमेव हेतू असता, तर हा विलंब समजणे कठीण आहे. ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केल्यावर युद्धास उघड तोंड फुटले. भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी सुरक्षा समितीत पूर्व बंगालमधील जनतेच्या सुटकेचा हेतू मांडला. पण ७ डिसेंबर रोजी आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी व सैन्यमाघारीचे आवाहन केले. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आले. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य मायदेशी परतले. हेतूंविषयीच्या वादात या त्वरित माघारीला मोठे महत्त्व आहे.

टांझानियाने १९७९ मध्ये इदी अमीनची राजवट उलथली, ती युगांडाने आधी केलेल्या आक्रमणाला उत्तर म्हणून. व्हिएटनामने ७ जानेवारी १९७९ रोजी नॉमपेन्ह घेऊन ख्मेर रूजच्या नरसंहारास आळा घातला. मात्र त्याचे सैन्य १९८९ पर्यंत कंबोडियात राहिले. संयुक्त राष्ट्रांतील जागा पदच्युत राजवटीकडेच ठेवण्यात आली, यात शीतयुद्धाचे गणित होते. कंबोडियन जनतेचा विचार क्वचितच दिसतो.

रूआंडात १९९४ मध्ये कोणत्याही बड्या राष्ट्राचे हितसंबंध पणाला लागले नव्हते. सोमालियात ऑक्टोबर १९९३ मध्ये १८ अमेरिकी सैनिक मारले गेल्याची आठवण ताजी होती. हत्याकांड सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा समितीने तेथील शांतिसेना सु. २७० जणांपर्यंत घटविण्याचा ठराव केला. जुलैपर्यंत सु. ८ लाख लोक मारले गेले.