परवलीच्या शब्दाची मुदत

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. हा मुळात पहाऱ्यावरचा शब्द. संगणकावर पासवर्ड 1960 च्या दशकात एमआयटीत आला. पुढे कार्यालयांनी त्याला मुदत घातली. मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलला, तरी विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये कधीकधी जुनाच साठवलेला राहतो आणि आउटलुक पुन्हापुन्हा लॉगिन मागते. ती जुनी नोंद काढून नव्याने साइन-इन केले, की बहुधा काम भागते. 2017 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने कारणाशिवाय सक्तीचा बदल नको, असे सुचवले. हे शहाणपण उशिराच आले, कारण सारखे बदलायला लावले की माणसे सोपे पासवर्ड निवडतात. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीची अट वगळली.