तांड्याचा मुक्काम

सध्या आमच्या ऑफिसात कॅम्पर व्हॅनचं वेड आलंय. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, सिंक, छतावर सोलर पॅनेल, की झालं घर तयार. पण चर्चा कुठूनही सुरू झाली तरी शेवटी एकाच प्रश्नावर येते. रात्री गाडी लावायची कुठे? पेट्रोल पंपावर, ढाब्यासमोर, की घाटमाथ्यावर 'व्ह्यू' बघून? मग कुलूप कुठलं, कॅमेरा कुठला, यावर अख्खा लंच टाइम जातो.

मला यात गंमत वाटते ती अशी, की आपल्या नाशिकच्या वाटेनेच शेकडो वर्षं चालती-फिरती घरं जात होती आणि त्यांनी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला होता. मी बोलतोय बंजाऱ्यांच्या, म्हणजे लमाणांच्या तांड्यांबद्दल. चाकं नव्हती हे मान्य. पण बायको-मुलं, भांडीकुंडी, कुत्री, धंदा, सगळं बैलांच्या पाठीवर आणि सोबत. कोकणातलं मीठ घाटावर आणायचं, वरचं धान्य खाली न्यायचं. जिथे गाडीरस्ता नाही तिथे गोण्या लादलेला बैल जातो, आणि थळ घाटासारख्या चढणीवर बैलाशिवाय पर्याय नव्हता.

आकडे ऐका. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला १६३२ साली उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात १४,००० बैल होते, सगळे धान्याने लादलेले. एका तांड्यात सहा-सातशे माणसं, असं तो लिहितो. आणि वेग? दिवसाला फार तर सहा-सात मैल, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आपण तेवढं द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये पार पाडतो :) पण या संथपणामागे हिशोब होता. बैल चरत चरत जायचे, म्हणजे इंधन फुकट. शिवाय मुक्काम अंधारात शोधायची वेळच येत नसे. उजेड असतानाच पाणी आणि उंचवट्यावरची कोरडी जागा बघून तळ पडायचा.

तळ कसा, तर जुन्या वर्णनांत येतं तसं उतरवलेल्या गोण्या भोवती रचून तट करायचा. माल हीच भिंत! त्यावर कुत्र्यांचा पहारा, पुरुषांकडे तलवारी-भाले, आणि सगळ्यांवर नाईकाचा शब्द. पण मला विचाराल तर हे सगळं दुय्यम. दोन-चारशे पेंढारी ठरवून आले असते तर गोण्यांचा तट किती वेळ टिकला असता? खरं संरक्षण वेगळंच होतं. तांडा सगळ्यांना हवा होता.

एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेबरोबर टिपूविरुद्धच्या मोहिमेत होता. त्याचं पुस्तक १७९४ चं. त्यात तो सांगतो, की हे लोक लढाईत कुणाच्याच बाजूचे नसतात आणि दोन्ही सैन्यं त्यांना येऊ-जाऊ देतात. देणारच! लुटलं तर उद्या दाणागोटा कोण आणणार? १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगर घेतलं, असईची लढाई मारली, तेव्हा त्याच्याही फौजेची भिस्त बऱ्याच अंशी याच 'ब्रिंजारी' लोकांवर होती. मोगलांच्या काळातली एक दंतकथा तर अशी, की आसफ खानाने भंगी-जंगी या नाईकांना ताम्रपट देऊन घरांच्या छपरांवरचं गवत, रांजणातलं पाणी आणि दिवसाला तीन खून माफ केले होते. शब्दशः खरी असो वा नसो, फौजेला त्यांची गरज किती होती हे त्यातून कळतं.

मराठेशाही बुडाल्यावर खानदेशचा कारभार आला जॉन ब्रिग्जकडे. आजच्या नाशिक जिल्ह्याचा मालेगाव-चांदवडकडचा भाग तेव्हा खानदेशात मोडायचा, नाशिक जिल्हा झाला १८६९ ला. या ब्रिग्जने १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी बंजाऱ्यांवर एक लेख छापला. म्हणजे तोवर तरी ते अभ्यासाचा, कुतूहलाचा विषय होते.

मग १ जानेवारी १८६५ ला कसारा-इगतपुरी रेल्वे सुरू झाली. १ : ३७ चा चढ, बोगदे, पूल वगैरे कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. त्याच इंजिनाने तांड्याचा धंदा खाल्ला हे मात्र कुणी सांगत नाही. मीठ आणि धान्य डब्यातून जायला लागलं. रातोरात नाही, पण गेलं. आणि सहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तरेत, १९११ नंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येईल असा. अनेक ठिकाणी बंजारेही त्याच्या यादीत गेले. माणसं तीच, हातातल्या काठ्या आणि कुत्री तीच. ज्या फिरण्यावर सैन्यं जगली तेच आता संशयाचं कारण! ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. 'विमुक्त' हा शब्द तिथूनच आला आणि महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

असो. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅरॅव्हॅन पार्क, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह. चांगलंच आहे. ऑफिसातल्या मित्रांना मी माझ्यापरीने एवढंच सांगतो, की कुलपावर खर्च करा, पण गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलाला भेटा, जागामालकाला विचारा, दूध-भाजी तिथूनच घ्या. गावाला तुम्ही कोण ते कळलं की निम्मं काम होतं.

पण हेही खरं, की आपल्याला हे सोपं जातं. गाडीवर नंबर प्लेट, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, तोंडात पुस्तकी मराठी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली होती. मंगळवेढ्याकडची, भिक्षुकीसाठी फिरणारी, पिंपळनेरला पालं टाकून राहिलेली. 'मुलं पळवणारी टोळी' ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

त्याच रात्री आपल्या मालेगावातही तशाच अफवेवरून जमावाने एका बाहेरगावच्या कुटुंबाला घेरलं. सोबत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, आणि पोलिस येऊन त्यांना बाहेर काढेपर्यंत ते तिथे होते.