कयाक फिशिंग म्हणजे काय? इंजिन नसलेल्या होडीतून खोल समुद्रात मासेमारी कशी करतात?

खोल समुद्रातली मासेमारी म्हटलं की ट्रॉलर, डिझेल इंजिन आणि खलाशी डोळ्यांसमोर येतात. पण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर अनेक हौशी मासेमार साधारण चार मीटर लांबीच्या कयाकमधून एकटेच समुद्रात जातात. सकाळभर गळ टाकून ते किंग मॅकरल, म्हणजे आपल्या सुरमईच्या कुळातला मासा, पकडून आणतात.

फ्लोरिडातच का?

गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह पाम बीच परिसरात किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरून वाहतो. तिथे समुद्रही लवकर खोल होतो. त्यामुळे किंग मॅकरल, माही-माही, सेलफिश असे मोठे मासे वल्हं मारत जाता येईल इतक्या अंतरावर सापडतात.

ही होडी बुडत नाही का?

यासाठी 'सिट-ऑन-टॉप' प्रकारची कयाक वापरतात. बसायची जागा वरच्या बाजूला उघडी असते आणि आत आलेलं पाणी तळातल्या छिद्रांमधून निघून जातं. होडी उलटली तर ती सरळ करून पुन्हा वर चढता येतं. होबी कंपनीने १९९७ मध्ये पायाने चालणारी यंत्रणा आणली. त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात.

सकाळी नेमकं काय होतं?

पहाटे वारा सहसा कमी असतो. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि लाटा वाढतात, म्हणून उजाडतानाच निघतात. पहिली कसोटी किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची. होडीचं टोक लाटेला सरळ ठेवावं लागतं आणि सगळं सामान बांधलेलं असावं लागतं.

आधी छोट्या गळांच्या माळेने आमिषाचे मासे पकडतात. मग जिवंत आमिष होडीमागे सावकाश ओढतात. किंग मॅकरलचे दात दोरी कापतात, म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा जोडतात. मोठा मासा लागला की तो होडीलाच ओढत नेतो आणि त्यातच दमतो. यावेळी काठी होडीच्या टोकाकडे धरतात, कारण बाजूने जोराचा ओढा बसला तर होडी कलंडू शकते.

खरा धोका कोणता?

माशापेक्षा प्रवाह जास्त धोकादायक. गल्फ स्ट्रीमचा पृष्ठभागावरचा सरासरी वेग ताशी सुमारे सहा किलोमीटर आहे. वल्हं मारणाऱ्याचा वेग बराच वेळ याहून जास्त राहणं कठीण. उत्तरेकडे वाहत गेलेल्या माणसाने निघालेल्या जागी परतायचा हट्ट धरला, तर तो फक्त थकतो. अशा वेळी प्रवाहाला आडवं, पश्चिमेला किनाऱ्याकडे जायचं आणि उत्तरेला जिथे पोहोचू तिथे उतरायचं. जमिनीवरून समुद्राकडे जोराचा वारा असेल तर अनुभवी लोक निघतच नाहीत. उन्हाळ्यात दुपारी विजांसह वादळं येतात, म्हणून परतही लवकर फिरतात.

सोबत काय हवं?

अमेरिकेत कयाकवर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असणं कायद्याने बंधनकारक आहे. पण होडीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर कामी येत नाही, ते अंगात हवं. शिवाय शिट्टी, उंच झेंडा आणि वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ लागतो. मदतीसाठी त्याचं १६ क्रमांकाचं चॅनेल वापरतात. परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून ठेवावी, म्हणजे उशीर झाला तर शोध वेळेत सुरू होतो.